टेबलावरची असई: ऐतिहासिक सैन्य झटपट रंगवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर अशा ठिकाणांहून टेबलावरच्या युद्धखेळांकडे वळणारी मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत. उत्तरांत अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि १८०३ ची असई (भोकरदनजवळची इंग्रज आणि शिंदे-भोसले यांची लढाई) हेच जास्त येईल. आपल्या भागातल्या लढाया त्या काळातल्या आहेत आणि इथले बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात.

टेबलावरचा युद्धखेळ म्हणजे नेमके काय?

एखादी खरी लढाई टेबलावर मांडायची. दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे सैनिक, तोफा, घोडे, कापडाची किंवा पुठ्ठ्याची नदी, फासे आणि मोजपट्टी. किती इंच सरकायचे, गोळी लागली की नाही, पलटण मोडली की टिकली, हे नियमांनी आणि फाशांनी ठरते. प्रशियात १८२४ च्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी असा खेळ वापरायला लागले आणि पुढे तो छंद झाला. बिनरंगी सैनिकांनीही खेळता येते, पण टेबलावर एक राखाडी गर्दी दिसते आणि पलटण कोणाची हे दर खेपेला विचारावे लागते.

झटपट रंगवायचे म्हणजे उरकून टाकायचे का?

नाही. बरीच मंडळी एका सैनिकावर दोन रात्री घालवतात, तिसऱ्या सैनिकाला कंटाळतात आणि बाकीचे डबाबंद राहतात. सैन्य खेळायला लागते दीडशे-दोनशेचे. ते उभे राहायचे तर काय रंगवायचे नाही हे ब्रश उचलण्याआधी ठरलेले असावे लागते. खेळताना तुम्ही सैनिकाकडे तीन फुटांवरून, वरून बघता. तिथून पगडी, खांदे, घोड्याची पाठ, झेंडा आणि बेस (सैनिक ज्यावर उभा असतो ती चकती) दिसतो. जोड्याचा बंद दिसत नाही, आणि तो न रंगवल्याबद्दल कोणी रागावतही नाही.

कोणत्या मापाचे सैनिक घ्यावेत?

२८ मिमी देखणे असतात, पण महाग आणि वेळखाऊ. १५ मिमी आपल्या कामाला सर्वांत सोयीचे: निम्म्या वेळात दुप्पट सैन्य होते आणि जेवणाच्या टेबलावर पूर्ण असई मांडता येते. ६ मिमी मध्ये रंगवणे म्हणजे ठिपके देणेच, पण दाट रांगा लावल्या की खरीखुरी फौज दिसते. एकास बहात्तर मापाचे मऊ प्लास्टिकचे सैनिक स्वस्त पडतात. मात्र त्यांचे भाले-बंदुका वाकतात आणि वाकल्या की रंग टरफलासारखा निघतो. ते घ्यायचे असतील तर आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि रंगाखाली पातळ केलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचा एक हात द्या. त्याची लवचीक साय रंगाला धरून ठेवते.

असईसाठी किती सैनिक लागतील?

इथे आकडेमोड केली तर महिनाभराचे काम वाचते. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीकडे युरोपियन आणि मद्रासी मिळून साधारण साडेचार हजारांची कवायती फौज होती. म्हैसूरचे आणि त्याच्या बाजूचे मराठा घोडदळ सुमारे पाच हजार, पण ते मुख्य झुंजीत उतरले नाही. समोर शिंद्यांचे आणि नागपूरकर भोसल्यांचे सैन्य. त्यात पोलमनसारख्या युरोपियन अधिकाऱ्यांच्या हाताखालचे कवायती पायदळ दहा हजारांच्या थोडे वर, शंभराच्या आसपास तोफा, आणि हलके घोडदळ तीस-चाळीस हजार.

एक सैनिक म्हणजे पन्नास माणसे असे धरले तर इंग्रजांकडे नव्वद सैनिक आणि कंपूकडे (म्हणजे समोरच्या कवायती पायदळाकडे) दोनशे-सव्वादोनशे होतात. तोफा दहास एक, म्हणजे दहा. घोडदळ त्याच हिशोबाने करायला गेलात तर सहाशे-आठशे स्वार रंगवावे लागतील. तसे करू नका. त्या दिवशी या घोडदळाने लढाईत फारसा भाग घेतलाच नाही, तेव्हा वीस-पंचवीस स्वार टेबलाच्या कडेला उभे केले तरी इतिहासाशी प्रतारणा होत नाही. उलट कंपूच्या तोफांवर मनापासून मेहनत घ्या. वेलस्लीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांवर लोक गेले, त्यात या तोफांचा वाटा मोठा होता.

मराठवाड्यातल्या आणखी कोणत्या लढाया टेबलावर चांगल्या जमतात?

राक्षसभुवन, १० ऑगस्ट १७६३. गेवराई तालुक्यात, ऐन पावसाळ्यात, गोदावरीच्या काठावर. निजामाच्या फौजेचा एक भाग नदीच्या पलीकडे आणि एक अलीकडे असताना मराठ्यांनी गाठले, आणि दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. एका बाजूला नदी आडवी असल्याने खेळ आपोआप रंगतो.

उदगीर, फेब्रुवारी १७६०. सदाशिवरावभाऊ आणि इब्राहिमखान गारदी यांची निजामाशी गाठ. गारद्यांच्या कवायती पलटणी आणि मराठा घोडदळ एकाच सैन्यात असल्याने रंगवायला दोन्ही प्रकारची मजा.

वैजापूरजवळची पालखेड, १७२८, सगळ्यांना आठवते, पण टेबलावर कोरडी जाते. बाजीरावाने निजामाला पळवून पळवून, रसद आणि पाणी तोडून वाकवले. आमनेसामने मोठी झुंज झालीच नाही. ती नकाशावर खेळावी. तिच्यासाठी शंभर स्वार रंगवू नयेत.

इथल्या स्टेशनरीच्या दुकानातले रंग चालतात का?

चालतात, थोडी पथ्ये पाळून. कॅम्लिनचे ट्यूबमधले ॲक्रिलिक जाड असतात. थेट लावले तर चेहऱ्याचे नाक-डोळे बुजतात. पाण्याने दुधाइतके पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या. फेव्हिक्रिलचे बाटलीतले रंग स्वस्त आहेत आणि बेससाठी, घोड्यांसाठी उत्तम, पण जास्त पाणी घातले की रंगाचे कण फुटून दिसतात. त्यात पाण्याबरोबर थोडे मॅट मीडियम (रंग पातळ करायचे, न चकाकणारे बिनरंगी द्रव) मिसळा. पोस्टर कलर मात्र नको. ते पाण्याने परत विरघळतात, आणि खेळताना घामेजल्या बोटांनी अर्धी पलटण पुसली जाईल.

खास मिनिएचरचे रंग ऑनलाइनच मागवावे लागतात. सगळा संच घेऊ नका. एक चांगला पांढरा, एक लाल, एक चांदीचा आणि एक पितळी एवढे विकत घ्या, बाकीचे संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा नांदेडच्या वजिराबादेत भागते.

प्रायमर (रंगाआधीचा पायाचा हात) कोणता? आणि आपल्या उन्हाळ्यात स्प्रे मारावा का?

गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात मिळणारा राखाडी किंवा काळा स्प्रे प्रायमर धातूवर छान बसतो. प्लास्टिकचे सैनिक असतील तर ज्या सांगाड्यातून ते तोडून घेतो त्याच्या तुकड्यावर आधी मारून बघा. काही स्प्रेंचे द्रावण प्लास्टिक खाते.

एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. अशा हवेत दुपारी स्प्रे मारलात तर रंगाचे थेंब सैनिकापर्यंत पोचेपर्यंत हवेतच अर्धे वाळतात आणि अंगावर खरखरीत पूड बसते. पहाटे, वारा सुटायच्या आत मारा. अंतर एरवीपेक्षा थोडे कमी, वीतभर ठेवा. मारून झाले की सैनिक लगेच आत घ्या, कारण आपल्याकडे आठ वाजता फुफाटा सुरू होतो. डबा गच्चीवर उन्हात विसरू नका. तो दाबाखाली असतो, तापला की फुटू शकतो.

स्प्रे जमत नसेल तर चित्रकार कॅनव्हासला लावतात तो जेसो ब्रशने लावा. लावताना तो जाड वाटतो, वाळताना आखडून बारकाव्यांना चिकटतो.

कामाचा क्रम काय ठेवावा?

एका वेळी २८ मिमीचे दहा-बारा किंवा १५ मिमीचे वीस-पंचवीस घ्या. याहून कमी घेतले तर पहिला सैनिक वाळायची वाट बघत बसाल, जास्त घेतले तर मध्येच जीव नकोसा होतो. साच्याच्या रेषा ब्लेडने खरवडा, आइस्क्रीमच्या काड्यांवर फेव्हिकॉलच्या थेंबाने दोन-तीन सैनिक चिकटवा आणि काडीवर प्रत्येक सैनिकाचा नंबर टाका. मग प्रायमर. त्यानंतर एक रंग हातात घेतला की तो सगळ्यांवर जिथे जिथे लागतो तिथे लावूनच खाली ठेवायचा. आतून बाहेर यायचे: आधी त्वचा, मग कपडे, मग पट्टे, शेवटी शस्त्र. नंतर सगळ्यांवर एकच तपकिरी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग), वाळल्यावर पगडी-खांद्यांवर फिक्या रंगाचा एक फटकारा, वार्निश, बेस.

या क्रमात एकच नियम मोडू नका: सुरू केलेली तुकडी पूर्ण झाल्याशिवाय नवी उघडायची नाही. अर्धवट रंगवलेले सैनिक वर्षानुवर्षे तसेच राहतात.

‘स्लॅपचॉप’ आणि स्पीड पेंट यांचा एवढा बोलबाला का?

काळा प्रायमर मारायचा, त्यावर राखाडी आणि मग पांढरा रंग कोरड्या ब्रशने घासायचा (हाच ड्रायब्रश), म्हणजे उंचवटे उजळ आणि खाचा काळ्या राहतात. याला म्हणतात स्लॅपचॉप. त्यावर पारदर्शक रंग दिला की सावली आणि उजेड एकाच हातात मिळतात. असे पारदर्शक रंग आधीही होते, पण २०१९ मध्ये सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने कॉन्ट्रास्ट नावाने त्यांची मालिका आणली आणि पुढे आर्मी पेंटर या दुसऱ्या ब्रँडचे स्पीडपेंट आले. स्पीडपेंटची पहिली आवृत्ती वाळल्यावरही वरच्या ओल्या रंगाने परत सुटायची. दुसऱ्या आवृत्तीत ते सुधारले. जुन्या बाटल्या स्वस्तात मिळाल्या तर हे लक्षात असू द्या.

माझे मत विचाराल तर घडीदार अंगरखे, पगड्या, घोड्यांच्या आयाळी यांवर हे रंग अप्रतिम. सपाट, मोठ्या जागेवर, म्हणजे इंग्रजी कोटाच्या पाठीवर किंवा तोफेच्या चाकावर, डाग पडतात. तिथे साधा रंगच बरा. आणि एक सवय लावून घ्या: रंग दिल्यावर खाचेत तळे साचलेले दिसले की कोरड्या ब्रशचे टोक टेकवून ते शोषून घ्या. ते तळे वाळले की तसाच डाग कायम राहतो.

मराठा सैन्याला वर्दीच नव्हती. मग तुकडीने कसे रंगवणार?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि आपल्या सैन्यांचा खरा पेच तोच आहे. बाहेरचे झटपट रंगवण्याचे धडे लाल कोटवाल्यांसाठी किंवा निळ्या फ्रेंचांसाठी असतात: सगळ्यांना एक रंग, पुढचा. बारगीर-शिलेदारांचा जथा तसा रंगवला तर पोलिसांचे संचलन दिसते. प्रत्येक स्वार वेगळा काढायला गेलात तर वेग संपला.

मार्ग असा आहे. आधी आठच रंग ठरवा आणि ते त्या काळच्या रंगाऱ्याकडे मिळाले असते असेच निवडा: न धुतलेल्या सुताचा पांढरा, नीळ, मंजिष्ठेचा विटकरी लाल, हळदीचा पिवळा, करडईच्या फुलांपासून निघणारा कुसुंबी, मातकट हिरवा, तपकिरी आणि काळा. रसायनांचे झगमगीत गुलाबी-जांभळे तेव्हा नव्हते. आठही रंगांत चिमूटभर तपकिरी मिसळून ते उन्हात उतरल्यासारखे करा.

मग प्रत्येक रंग हातात घेऊन पूर्ण तुकडीभर फिरवा, पण दर वेळी वेगळ्या वस्तूवर. विटकरी लाल घेतला: एक, पाच आणि नऊ नंबरची पगडी, तीन आणि सात नंबरचा कमरबंद, चार आणि दहा नंबरचे खोगीर. संपला लाल. आता नीळ: दोन आणि सहाची पगडी, नऊचा चोळणा, एकचे खोगीर. असे फिरत राहिलात की प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्याशिवाय दोन-तीन रंग येतात आणि कोणतेही दोन स्वार सारखे निघत नाहीत. हात मात्र त्याच लयीत चालतो आणि ब्रश आठदाच धुवावा लागतो.

जथा एक दिसावा यासाठी दोन गोष्टी पुरतात. शेवटी सगळ्यांवर एकच तपकिरी वॉश, आणि सगळ्यांचे बेस एकसारखे. वेगवेगळे कपडे, पण एकाच धुळीतून आलेले लोक, असा भास होतो.

शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी मिळायचा. म्हणून शिलेदारांत विविधता जास्त ठेवा, एखाद्याला भरजरी शेला द्या. बारगिरांत रंग कमी. ढाली सगळ्यांच्या जवळपास सारख्या: काळी, तिच्यावर पितळेचे चार ठिपके. चार ठिपके टाचणीच्या डोक्याने दिले की झाले.

पांढरे कपडे घाणेरडे दिसतात. काय चुकते?

शुद्ध पांढऱ्यापासून सुरुवात केली की वर जायला जागाच राहत नाही, आणि काळा वॉश दिला की कोळशाच्या वखारीतला माणूस दिसतो. दख्खनच्या सैन्यात निम्मे अंग पांढऱ्या सुताचे, म्हणून हे एकदा नीट बसवून घ्या. फिका राखाडी-पिवळसर, हाडाच्या रंगाचा पाया द्या. खूप पातळ केलेला तपकिरी वॉश फक्त घड्यांत सोडा. वाळल्यावर दुधाळ पांढऱ्याने पगडीचा माथा, खांदे आणि गुडघे एवढ्याच ठिकाणी ब्रश फिरवा. शुद्ध पांढरा राखून ठेवा सेनापतीच्या घोड्यासाठी.

त्वचेचा रंग?

‘फ्लेश टिंट’ लिहिलेली ट्यूब बाजूला ठेवा, तिच्यातून गुलाबी माणसे निघतात. बर्न्ट सिएना आणि थोडा रॉ अंबर यांत किंचित पांढरा मिसळा. दोन छटा बनवा, एक गडद, एक उजळ, आणि सैनिकांत वाटून टाका. वॉश झाल्यावर नाक, गाल आणि हाताच्या मुठी यांवर उजळ छटेचा एकेक स्पर्श. मिशी काळी नको, गडद तपकिरी. काळ्याने चेहऱ्यावर पट्टी मारल्यासारखे दिसते.

डोळे रंगवायचे का?

नाही.

इंग्रज आणि मद्रासी शिपायांचे लाल कोट?

तपकिरी प्रायमरवर लाल द्या. काळ्यावर लाल मरतो, पांढऱ्यावर तो प्लास्टिकच्या बादलीसारखा चमकतो. वॉश तपकिरी किंवा किरमिजी, काळा नाही. छातीवरचे पांढरे आडवे पट्टे सगळ्यात शेवटी, वॉशनंतर, एकाच ओढीत मारायचे. ते स्वच्छ असले की लांबून पलटण टापटीप वाटते. चुकले तर लालने कड सरळ करा. मद्रासी शिपायांना लाल कोटाखाली आखूड चड्डी आणि उघडे पाय असतात, त्यामुळे त्यांची त्वचा जास्त दिसते. आधी पाय रंगवा, मग कोट. असईत गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी, दोन्ही हायलँडर. कॉलर-कफांचा रंग ७४ व्या पलटणीला पांढरा आणि ७८ व्या पलटणीला फिका पिवळसर. एवढा एक फरक दिला तरी जाणकार ओळखतो.

घोडे फार वेळ खातात. काही युक्ती?

स्वार आणि घोडा वेगळे रंगवा, शेवटी चिकटवा. घोड्याला फिका तपकिरी प्रायमर, त्यावर गडद तपकिरी पारदर्शक रंग, आणि रंग ओला असतानाच स्पंजच्या तुकड्याने पाठ-पोटावरचा पुसून काढा. स्नायू आपोआप उजळतात. मग आयाळ, शेपूट, खूर काळे. बहुतेक घोडे तपकिरी-तांबडे ठेवा, दहांत एखादा करडा, एखादा अबलख. पंचकल्याणी करायचा तर चार पाय आणि कपाळ पांढरे, पाच ठिपक्यांचे काम.

लोहा तालुक्यातली खंडोबाची माळेगाव यात्रा दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत भरते. तिथल्या घोडेबाजारात तासभर फिरून फोटो काढले की कोणत्याही रंगतक्त्याची गरज राहत नाही. ओठांभोवतीचा काळपट भाग आणि गुडघ्याखाली गडद होत जाणारे पाय तिथेच नीट दिसतात. एका यात्रेत कुणीतरी विचारलेच होते, ‘घोडा घ्यायलात का नुसते फोटोच काढायलात?’

वॉश घरी करता येतो का?

येतो. तपकिरी ॲक्रिलिक एक भाग, मॅट मीडियम दोन भाग, पाणी पाच-सहा भाग, आणि काडीच्या टोकावर मावेल एवढा भांड्यांचा साबण. साबणामुळे थेंब फुगून न बसता खाचेत पळतो. जास्त झाला तर फेस येतो आणि फेसाचे गोल डाग उरतात. लाकडाच्या रंगीत वार्निशात सैनिक बुडवून झटकायची जुनी पद्धतही चालते. वेग जबरदस्त, आणि वर कडक कवच चढते. पण वास दोन दिवस घरात राहतो आणि चकाकी घालवायला वर मॅट वार्निश लागतेच.

उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो. कूलरसमोर बसावे का?

समोर नको, त्याच खोलीत बसा. कूलरची ओल रंगाला मानवते, झोत मानवत नाही, शिवाय जुन्या कूलरमधून बारीक तुषार उडतात. रंग ठेवायला ओली पॅलेट करा: उथळ प्लास्टिकचा डबा, तळाशी भिजवलेला स्पंज किंवा जाड टिश्यू, वर केक भाजताना ट्रेमध्ये घालतात तो बेकिंग पेपर. झाकण लावून ठेवले तर रंग दुसऱ्या दिवशीही ओले मिळतात. मेणाचा कागद वापरू नका, त्यातून पाणी वर येत नाही.

लाइट गेली तर चार्जिंगचा पांढरा एलईडी दिवा घ्या. पिवळ्या बल्बखाली हळद आणि हाडाचा रंग एकच दिसतात.

वार्निश मारल्यावर सगळे पांढुरके झाले!

पावसाळी दमट हवेत स्प्रे मारला की असे धुके धरते. कोरड्या दिवशी चकाकणाऱ्या वार्निशाचा पातळ हात दिला तर बहुतेक वेळा निघते, मग पुन्हा मॅट. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रशने लावायचे मॅट वार्निशच वापरावे.

बेस कसे करावेत? आपली काळी माती वापरली तर?

मोह होतो, पण रेगूर माती चिकणमातीची आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. शेतात जे दिसते तेच बेसवर होते आणि आठवड्यात पापुद्रा सुटतो. गोदावरीची बारीक वाळू चहाच्या गाळणीतून गाळा, तव्यावर कोरडी भाजा, फेव्हिकॉलवर शिंपडा. वाळल्यावर जवळपास काळा तपकिरी रंग, वरून करडा आणि मग किंचित पिवळट ड्रायब्रश. काळी जमीन तयार. मधूनमधून बेसाल्टचा काळा खडा. रवा किंवा कणी वापरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मुंग्यांना निमंत्रण आहे.

आता थोडे थांबून महिना बघा, कारण इथे बहुतेक जण घाई करतात. असई सप्टेंबरअखेरची: पावसाळा सरत आलेला, केळणा-जुईच्या काठी गवत हिरवे, जमीन ओलसर काळी. उदगीर फेब्रुवारीतली: गवत वाळलेले, ज्वारीचे रान पिवळे, जमीन फटफटीत. राक्षसभुवन ऑगस्टमधली: चिखल, डबकी. युरोपातल्या सैनिकांचे चित्र बघून सगळ्यांखाली गडद हिरवळ लावली तर उदगीरचे सैन्य इंग्लंडातल्या कुरणात उभे राहते. एकच सैन्य तिन्ही लढायांत वापरायचे असेल तर काळी जमीन आणि फिके पिवळट-हिरवे विरळ गवत ठेवा, कोणत्याही महिन्यात खपते.

गवताला सुताराकडचा बारीक भुस्सा रंगवून वापरा. उंच गवताला काथ्याची दोरी उसवून तिचे धागे.

बेसची कड काळ्याऐवजी त्याच मातीच्या तपकिरीने रंगवा. अर्ध्या मिनिटाचे काम, पण रंगकामातल्या अनेक उणिवा त्याने झाकल्या जातात.

झेंडे?

झेंड्यावर वेळ घालवा, टेबलावर पहिली नजर तिथेच जाते. साध्या कागदावर दोन्ही बाजू रंगवून किंवा छापून दुमडा, फेव्हिकॉलने चिकटवा आणि ओला असतानाच पेन्सिलीभोवती वळवून लाटा द्या. जरीपटका भगवा, दोन टोकांचा, कडेला सोनेरी जर. जरीला पितळी रंगाची एक रेघ पुरते.

सैनिक मिळतात कुठे? थ्री-डी प्रिंट चांगले का?

धातूचे आणि प्लास्टिकचे परदेशातून येतात, टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून चौघांनी मिळून एकच ऑर्डर द्यावी. रेझिन प्रिंट हल्ली बरे पडतात, आणि मराठा सैनिकांच्या फाइलीही आता मिळतात. प्रिंटवाल्याला दोन गोष्टी विचारा: आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले का, आणि अतिनील प्रकाशात पक्के केले का. चिकट लागले तर हातमोजे घालून उन्हात ठेवा. ऊन आपल्याकडे मुबलक आहे, पण फार वेळ ठेवले तर बारीक भाले ठिसूळ होतात. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसे असू शकते, घासताना मास्क लावा आणि नंतर हात धुवा.

रंग बिघडला तर काढता येतो का?

धातूचे आणि कडक प्लास्टिकचे सैनिक डेटॉलमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. लगेच पाणी लावू नका, रंगाचा चिकट गोळा होतो. आधी ताज्या डेटॉलमध्ये घासून मग साबणाने धुवा. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवते. तसे बघता अर्धा बिघडलेला सैनिक मागच्या रांगेत चालून जातो.

रंगवलेले सैन्य एसटीने कसे न्यावे?

बेसखाली रबरी चुंबकपत्र्याचा तुकडा चिकटवा, जाहिरातीची फ्रिजवरची जुनी चुंबके कापली तरी चालतात. मग लोखंडी ट्रंक किंवा पत्र्याची पेटी घ्या, सैनिक तळाला चिकटून उभे राहतात. स्टीलचा डबा घेताना आधी चुंबक लावून बघा, बऱ्याच स्टेनलेस स्टीलला ते धरत नाही. धातूचे जड २८ मिमी स्वार खड्ड्याला सुटतात, त्यांच्याखाली दोन तुकडे लावा. भाले वर आलेले असतील तर झाकणाला बोटभर अंतर राहील अशी पेटी निवडा. भोकरदन रस्त्याने जाणार असाल तर पेटी टपावर देऊ नका, मांडीवर घ्या.